कोऱ्या जागेतलं गवत

रविवारी दुपारची जेवणं उरकली की मी टेबल पुसून कोरडं करते आणि नकाशा पसरते. कागद वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला, हात काढला की पुन्हा वळतो. म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं: खलबत्ता, मिसळणाचा डबा आणि दोन तांबे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे. इथून ईशान्येला गाडीनं सव्वा तासावर चेस काउंटी आहे, राज्याच्या १०५ काउंट्यांपैकी एक. तिचे जुने छापील स्थलदर्शक नकाशे, आपण टोपोशीट म्हणतो ते, मी एकेक करून जमवले आहेत.

माझे वडील, अण्णा, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सोलापूर जिल्ह्यात त्यांची उभी नोकरी गेली. गावोगावचे लोक त्यांना 'मोजणीवाले' म्हणूनच ओळखायचे. पहिला तक्ता हातात आला त्या दिवशी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हळूहळू कागदावरून फिरवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, एवढं पांढरं कशापायी सोडलंय?"

"तिथं गवत आहे, अण्णा. माळ आहे."

"मग गवताला रंग नाही?"

नाही. अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेच्या या तक्त्यांवर प्रत्येक गोष्टीला रंग आहे. पाण्याला निळा, चढउताराला तपकिरी, माणसानं बांधलेल्या वस्तूंना काळा, मोठे रस्ते आणि मोजणीच्या रेषांना लाल. झाडीला हिरवा. झाडी नसेल तिथे कागद कोराच. चेस काउंटीत झाडी फक्त ओढ्यांच्या काठानं आहे, त्यामुळे नकाशावर हिरव्या रंगाच्या बारीक शिरा दिसतात आणि बाकी सगळा कागद पांढरा. उत्तर अमेरिकेत एके काळी १७ कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती. आज तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे आणि त्यातला बहुतेक या टापूत आहे. जगातलं एक मोठं गवताळ रान असं नकाशावर बिनरंगाचं पडून आहे.

अण्णांचा प्रश्न मनातून गेला नाही. ती पांढरी जागा वाचायला शिकायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

वाचायचं तर लिपी यायला हवी. नकाशाचं प्रमाण २४ हजारास १, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर दोन हजार फूट. एक मैल म्हणजे अडीच इंचांहून थोडा जास्त. दोन समोच्चरेषांमधला फरक दहा फुटांचा. शाळेत समोच्चरेषा आपण सगळेच शिकलो: रेषा जवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की मंद. परीक्षेपुरतं ते पाठ होतं. प्रत्यक्षात रेषांवर बोट ठेवून पाच मिनिटं बसलं, की कागद हलायला लागतो. रेषांचं टोक उंचाकडे वळलं की तिथे घळ आहे, पाणी खाली येत आहे. टोक उताराकडे झुकलं की ती डोंगराची सोंड. तुटक निळी रेघ म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा, अखंड निळी म्हणजे बारमाही. निळा ठिपका म्हणजे गुरांसाठी अडवलेलं तळं. एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुदळी म्हणजे दगडाची खाण. काळ्या चौकोनावर इवलंसं निशाण म्हणजे शाळा.

आणि या सगळ्यावर लाल रेघांची जाळी.

ही जाळी समजायला अण्णांचा उपयोग झाला. अमेरिकेत १७८५ साली जमीनमोजणीचा कायदा झाला. वसाहत करायच्या आधी जमीन चौकोनांत कापायची, असं त्यानं ठरवलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक चौकोन एक मैलाचा, ६४० एकरांचा. त्याला म्हणतात सेक्शन. कॅन्ससमध्ये ४० व्या अक्षांशापासून दक्षिणेकडे मोजत यायचं आणि सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला. चेस काउंटीचं मुख्य गाव कॉटनवुड फॉल्स. त्याचा पत्ता या हिशेबानं असा: दक्षिणेची १९ वी ओळ, पूर्वेचा ८ वा रकाना. इथे १८५० च्या दशकात मोजणीदार फिरले. साखळी ओढत, मैलामैलाला खुणेचा दगड किंवा खुंट रोवत, जमीन कशी, झाड कुठलं, ओढा किती रुंद, हे वहीत टिपत ते गेले.

"साखळी किती फुटी?" अण्णांनी विचारलं.

"सहासष्ट. गुंटरची."

"म्हणजे आपल्या दोन," ते लगेच म्हणाले.

एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास ६६ फुटी साखळी ठरवली. अशा ८० साखळ्यांचा मैल होतो, दहा चौरस साखळ्यांचा एकर. मुंबई इलाख्यात मोजणीला तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरली आणि तिचे सोळा आणे पाडले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावरचा आपला गुंठा आणि कॅन्ससच्या गवतातला सेक्शन अशा रीतीनं एकाच लोखंडी साखळीच्या कड्या निघाल्या. कुठल्याही सेक्शनच्या लाल चौकोनाकडे पाहिलं की आता मी मनात म्हणते, पंचवीस हजार सहाशे गुंठे.

मात्र अण्णांनी एक फरकही लगेच हेरला. "आपल्याकडं शेत आधी होतं गं, मोजणी मागनं आली. बांध वाकडा असला तर टिपणात रेघ पण वाकडीच काढायची. इथं रेघ आधी आणि माणूस मागनं." अगदी खरं होतं. आपली मोजणी बांधाच्या, नाल्याच्या, पाणंदीच्या मागे मागे गेली. इथे माणसं येण्याआधीच रेघा तयार होत्या. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सेक्शनचा पाव भाग, १६० एकर, कसणाऱ्याला मिळू लागला, तेव्हा त्यानं फक्त चौकोनाचा नंबर सांगायचा होता. नंबरही कसे घातले आहेत पाहा. ईशान्य कोपऱ्यातून एकपासून सुरुवात, पश्चिमेकडे सहापर्यंत, मग खालच्या ओळीत सात तिथूनच आणि परत पूर्वेकडे. तासाच्या टोकाला बैल वळतात, अगदी तसे. नंबर घालणाऱ्यानं जमिनीवर जणू नांगर फिरवला होता.

प्रत्यक्ष नांगर मात्र इथे चालला नाही. त्याचा पुरावा नकाशावरच आहे. कॅन्ससच्या इतर काउंट्यांत बहुतेक प्रत्येक लाल रेघेवरून रस्ता जातो, मैलामैलाला सरळ काटकोनात. चेस काउंटीच्या तक्त्यांवर लाल जाळी पूर्ण आहे, पण रस्ते तिच्यावर बसलेले नाहीत. ते ओढ्यांच्या कडेनं वळणं घेत जातात आणि उंचवट्यावर पोचले की कित्येकदा संपूनच जातात. ओळीनं आठ-दहा सेक्शन असे, की ज्यांत एक घर नाही, एक रस्ता नाही. लाल रेघा आपल्या सरळ निघून जातात आणि खालून तपकिरी रेषा हव्या तशा वळतात. एकाच कागदावर दोन अक्षरं आहेत, एक पट्टीनं काढलेलं आणि एक पाण्यानं. या काउंटीत पाण्याचं अक्षर टिकलं.

ते टिकलं ते दगडामुळे. या टेकड्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात, चकमकीच्या टेकड्या. झेब्युलन पाइक हे लष्करी अधिकारी १८०६ साली इथून गेले, तेव्हाच्या त्यांच्या रोजनिशीत हे नाव सापडतं. इथला थर चुनखडीचा आणि त्या चुनखडीत चकमकीच्या गाठी. चुनखडी पाण्यात विरघळते, चकमक विरघळत नाही, त्यामुळे वितभर मातीखाली आणि मातीतही धारदार गोटे राहतात. जॉन डिअर यांचा पोलादी नांगर १८३७ साली आला आणि आयोवा, इलिनॉय इथली प्रेअरी त्यानं दोन पिढ्यांत उलथून टाकली. इथे फाळ खडकावर आपटला. कॉटनवुड नदीच्या काठची खोल गाळाची जमीन तेवढी शेतीखाली आली. वरचा माळ गवताकडेच राहिला आणि गवताबरोबर गुरं आली. आजही वसंतात दूरदूरहून ट्रकांतून गोऱ्हे येतात आणि उन्हाळाभर चरून दिवसाला सुमारे दोन पौंड वजन कमावतात.

या टेकड्यांचा आकार नकाशावर पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा मी चकित झाले. तीन-चार समोच्चरेषा एकमेकींना चिकटून जातात, मग मोकळी जागा, मग पुन्हा तीन-चार चिकटलेल्या. टेकडी उतरत नाही, पायऱ्या उतरते. चुनखडी कठीण, ती पायरीचा काठ धरून ठेवते. तिच्याखाली शेल, म्हणजे चिखलाच्या थरांचा ठिसूळ दगड, तो झिजून मंद उतार होतो. मग पुन्हा चुनखडी, पुन्हा शेल. सह्याद्रीत आणि आमच्या सोलापूरकडच्या टेकाडांत हाच आकार लाव्हाच्या थरांनी घडवला आहे. आपल्या दख्खनच्या पठाराला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि आगीतून आलेला. इथली चुनखडी त्याच्या चौपटीहून जुनी आणि उथळ समुद्रात साचलेली. आग आणि पाणी, दोन्हींच्या हातून पायऱ्याच घडल्या. सपाट माथ्याची टेकडी नकाशावर दिसली तेव्हा इतक्या दूरच्या कागदावर मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

कागद वाचून झाला की जमिनीवर जायचं. कॉटनवुड फॉल्समध्ये मी पहिल्यांदा गेले ती एका ऑक्टोबरात. दुतर्फा दुकानांचा एकच मुख्य रस्ता, विटांनी बांधलेला, आणि रस्त्याच्या टोकाला काउंटीचं कोर्ट. १८७३ साली बांधून झालेली ही चुनखडीची इमारत अजून वापरात आहे. कॅन्ससमधलं वापरात असलेलं हे सर्वांत जुनं कोर्ट. आत अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना वरपर्यंत जातो. पण मी थांबले ती बाहेर, भिंतीशी. हाताच्या उंचीवरच्या एका चिऱ्यावर ऊन तिरपं पडलं होतं आणि दगडात गव्हाचे दाणे दिसत होते. टोकाला निमुळते, मध्ये फुगीर, शेकडो दाणे, जणू परातीत निवडायला पसरलेले. बोट फिरवलं तर खरखरीत लागले. ते फ्युझुलिनिड. समुद्रतळाशी राहणारे एकपेशीय जीव, जवळपास २९ कोटी वर्षांपूर्वीचे, ज्यांचा वंश पुढे समूळ नाहीसा झाला. नुसता एकपेशीय जीव, पण त्याचं कवच दाण्याएवढं. न्यायालयाची भिंत त्यांच्या राशींची आहे. नकाशावर हे कोर्ट म्हणजे एक काळा ठिपका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये गेले. १९९६ साली हे जवळपास ११ हजार एकरांचं रान राखीव झालं. २००९ मध्ये विंड केव्ह नॅशनल पार्कातून तेरा बायसन इथे आणून सोडले. हातात नकाशा होता आणि त्यावर मी आधीच पेन्सिलीनं एक खूण केली होती. एका टेकडीच्या बाजूला, चिकटलेल्या रेषांच्या अगदी पायथ्याशी, एक तुटक निळी रेघ सुरू होत होती आणि तिच्या तोंडाशी हिरव्याचा नखाएवढा डाग होता. पावसाचं पाणी चुनखडीच्या फटींतून खाली झिरपतं, खालच्या शेलमधून त्याला जाता येत नाही, मग ते आडवं चालतं आणि टेकडीच्या कुशीतून बाहेर पडतं. म्हणजे तिथे झरा असायला हवा.

गवत माझ्या डोक्याच्या वर होतं. बिग ब्लूस्टेम नावाचं हे गवत शरदात आठ फुटांपर्यंत जातं, तांबूस होतं आणि त्याच्या तुऱ्याला तीन बोटं फुटतात. मुळं दहा फूट खोल जातात. म्हणजे जेवढं वर दिसतं, त्याहून जास्त जमिनीत. हे आपल्या ज्वारीच्या आणि मारवेल गवताच्या कुळातलं. पानाची शीर, पेरांची ठेवण पाहताना ओळख पटते. उतार चढले, खडकाचा काठ लागला, त्याच्या खाली वळसा घालून गेले आणि आवाज आला. दगडाच्या आडव्या फटीतून मनगटाएवढी धार खाली पडत होती. भोवती दोन-तीन झाडं, ओल्या मातीवर बायसनच्या खुरांचे ठसे. नकाशावर नखाएवढा असलेला हिरवा डाग तो हाच. पाण्यात हात बुडवला तर थंडगार. कागदावरून पाणी शोधलं याचा आनंद मला आजही आठवतो. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी कधी खोटं बोलत नाही. रेघ चुकंल, पाणी चुकायचं नाही."

त्यानंतर मी अनेकदा गेले, वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी. एप्रिलमध्ये गेले तेव्हा माळ जळत होता. इथले लोक दर वसंतात गवत पेटवतात. वारा पाहून, कडेनं पाण्याच्या टाक्यांच्या गाड्या ठेवून, रात्रभर जागून. संध्याकाळी टेकड्यांवरून आगीची एक बारीक ओळ सरकत होती आणि ती नेमकी समोच्चरेषेसारखी वळत होती. माझ्या नकाशावरच्या तपकिरी रेघा कुणीतरी पेटवल्या आहेत असं वाटलं. तारेच्या कुंपणाशी एक वयस्क रँचर उभे होते. मी विचारलं, आमच्याकडे कोकणात भातासाठी राब भाजतात, हे तसंच का? त्यांनी राब म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. मग म्हणाले, "गवताचा जीव जमिनीखाली असतो. आग त्याला लागत नाही. आग लावली नाही तर मात्र सीडर येतो आणि वीस वर्षांत गवत संपवतो." त्यांनी बोट दाखवलं ती घळ माझ्या तक्त्यावर कोरी होती. समोर ती काळपट हिरव्या सीडरनं भरलेली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. काळ्या टेकड्या पोपटी झाल्या होत्या.

त्या घळीनं मला बराच विचार करायला लावला. नव्या तक्त्यांवर तिथे कधीतरी हिरवा रंग भरला जाईल आणि बघणाऱ्याला वाटेल, बरं झालं, कोऱ्या जागेत काहीतरी उगवलं. पण तो हिरवा रंग म्हणजे गवताचा मृत्यू. झाडं आली की वसंतात उंच माळावर जमून गळ्याच्या पिशव्या फुगवून घुमणारे प्रेअरी कोंबडे तिथे येत नाहीत, कारण त्यांना मोकळं आकाश लागतं. आपला माळढोकही माळावर असाच गळा फुगवून नाचतो आणि त्यालाही झाडी चालत नाही.

पांढऱ्या जागेत आणखी बरंच काही आहे जे छापलेलं नाही. हा मुलूख कॉ या मूळ रहिवासी लोकांचा. राज्याचं कॅन्सस हे नाव त्यांच्याच नावावरून आलं आणि त्याचा अर्थ दक्षिणवाऱ्याची माणसं असा सांगतात. चेस काउंटीच्या लगेच उत्तरेला कौन्सिल ग्रोव्हजवळ त्यांची शेवटची राखीव जमीन होती. तिथूनही त्यांना हलवलं आणि आजच्या ओक्लाहोमात पाठवलं, ते वर्ष १८७३. कॉटनवुड फॉल्सचं कोर्ट उभं राहिलं ते हेच वर्ष. दगडाच्या भिंतीवरचे दाणे पाहताना ही तारीख मी विसरू शकत नाही. कोर्टाचा ठिपका नकाशावर आहे. कॉ लोकांच्या पायवाटा, तळ, दफनाच्या जागा यांना खूण नाही.

शाळेचं निशाण नकाशावर दिसतं, पण मुलं नसतात. फॉक्स क्रीकच्या वर टेकडीवर १८८२ साली बांधलेली एका खोलीची दगडी शाळा आहे. १९३० मध्ये ती बंद झाली. आत बाकं आहेत, फळा आहे, खिडकीतून फक्त गवत दिसतं. पूर्वेकडचं सॅफर्डव्हिल नदीकाठचं गाव. १९५१ च्या महापुरानंतर लोक तिथून उठले आणि नाव मात्र तक्त्यावर राहिलं. दक्षिणेकडे बझार गावाजवळच्या एका कुरणात एक स्मारक आहे. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस सिटीहून विचिटाकडे निघालेलं फोकर विमान तिथे कोसळलं. नोत्र दाम विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठही जण गेले. विमानाचा पंख लाकडाचा होता आणि तो हवेतच तुटला. या अपघातानंतर लाकडी पंखांच्या विमानांवरचा विश्वास उडाला आणि संपूर्ण धातूच्या विमानांकडे जाण्याचा वेग वाढला. मी रोज धातूच्या पंखांचे भाग तपासते. माझ्या कामाचा एक धागा या कुरणात सुरू होतो, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

काउंटीच्या दक्षिण भागातून कॅन्सस टर्नपाइक जातो. रोज हजारो गाड्या त्यावरून धावतात. या काउंटीत उतरायला प्रवाशांसाठी तिथे फाटा नाही. गुरांच्या ट्रकांसाठी बझारजवळ तेवढा एक दरवाजा आहे. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २,५७२ भरली आणि क्षेत्रफळ आहे पावणेआठशे चौरस मैलांहून जास्त. माझे सहकारी विचारतात, "तिथे जाऊन बघतेस काय? तिथे काहीच नाही." वाईट हेतूनं कुणी म्हणत नाही. रस्त्यावरून ताशी ७५ मैलांनी जाताना खरंच काही दिसत नाही. पण याच काउंटीवर विल्यम लीस्ट हीट-मून यांनी 'प्रेअरीअर्थ' नावाचा ग्रंथ लिहिला. १९९१ साली आलेलं हे पुस्तक सहाशेहून जास्त पानांचं आहे आणि त्यात त्यांनी काउंटीचे नकाशावरूनच बारा भाग पाडून एकेक भाग पायी वाचला. काहीच नसलेल्या जागेवर सहाशे पानं लिहिता येत नाहीत.

मागच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा आमच्या भागाची भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट बरोबर घेतली. ५० हजारास १ प्रमाणाची. आपल्या तक्त्यांवर पिकाखालच्या जमिनीला पिवळा रंग असतो, जंगलाला हिरवा. आमच्या गावाच्या वरचा माळ मी शोधला. तिथे लहानपणी चिंकारे दिसायचे, कुसळी मोज्यांत रुतायच्या, धनगरांचे वाडे पडायचे. तो पांढरा होता. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ घेतला आणि पांढऱ्या जागेवर तळहात ठेवला. "आम्ही कागदावर हिला पडीकच लिहिलं," ते म्हणाले. "पोटखराबा. पोटखराबा म्हणायचं आणि पुढं जायचं. तिथं थांबलो कधी नाही बघ."

हे त्यांनी जड आवाजात सांगितलं आणि मी उत्तर दिलं नाही. चूक त्यांची एकट्याची नाही, ती रकान्याची आहे. सारा भरणारी जमीन आणि लाकूड देणारं जंगल, एवढंच मोजायचं म्हणून जे कागद तयार झाले, त्यांत गवताला जागा नव्हती. शब्द कोरा राहिला की जमीनही कोरी वाटते आणि कोरी जागा भरण्याची घाई प्रत्येकाला असते. त्या घाईत माळावर ग्लिरिसिडियाची रोपं लागतात, खडी फोडण्याची यंत्रं येतात, प्लॉट पडतात. फ्लिंट हिल्सचं गवत दगडानं वाचवलं. आपल्या माळांवरही मुरूम आणि दगड आहे, पण आता त्याला फोडणारी यंत्रं आहेत. गवत वाचायचं तर ते आधी माणसाला दिसायला हवं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५० हजारास १ प्रमाणाचे तक्ते आता संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. आपल्या तालुक्याचा तक्ता घ्या, टेबलावर पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवा. पिवळं आणि हिरवं सोडून द्या, तुमच्या गावाजवळची पांढरी जागा शोधा. मग एक दिवस पाण्याची बाटली घेऊन तिथे चालत जा, भाद्रपद-आश्विनात, गवत तुऱ्यावर आलेलं असतं तेव्हा. तिथलं एक गवत नावानं ओळखा आणि ते नाव नकाशावर त्या कोऱ्या जागेत लिहा. अण्णांनी आणि मी आमच्या तक्त्यावर तीन नावं लिहिली आहेत: मारवेल, पवन्या, कुसळ.